बोर-४ ते ड्रीम चेसर : एका आकाराचा कागदोपत्री माग

छायाचित्र कृष्णधवल आहे आणि विमानातून घेतलेले आहे. समुद्रावर एक बुटकी, बोथट नाकाची वस्तू तरंगते आहे. तिचे दोन्ही पंख वर उचललेले आहेत, पाठीवर शंकूच्या आकाराची फुगवलेली पिशवी उभी आहे आणि जवळच होडीतून आलेली माणसे आहेत. मालिकेतल्या पुढच्या चित्रांत तीच वस्तू जहाजावर चढवली जात आहे. छायाचित्रे घेणारे विमान ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलाचे पी-३ ओरायन, सागरी टेहळणीचे. जागा हिंदी महासागरातली, कोकोस (कीलिंग) बेटांच्या दक्षिणेला सुमारे साडेपाचशे किलोमीटरवर. जहाज आणि वस्तू दोन्ही सोव्हिएट संघाची.

या चित्रांपासून एक माग निघतो. तो व्हर्जिनियातल्या नासाच्या लँग्ली संशोधन केंद्रातून जातो, कोलोरॅडोतल्या एका खासगी कारखान्यात पोचतो आणि अखेरीस अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या, म्हणजे जीएओच्या, बी-४१०४८५ या क्रमांकाच्या निर्णयापाशी येतो. त्या निर्णयाने ‘ड्रीम चेसर’ या पंखवाल्या यानाचा माणसे नेण्याचा सरकारी मार्ग त्या वेळेपुरता बंद झाला. या साऱ्याची एक लोकप्रिय गोष्टही आहे: रशियाने अमेरिकेची नक्कल केली, अमेरिकेने त्या नकलेची नक्कल केली, आणि मग नोकरशाहीने ते सुंदर यान मारले. आपल्याकडच्या इतिहाससंशोधनात बखर आणि अस्सल कागद यांच्यात जो भेद केला जातो, तोच इथेही करावा लागतो. वरची गोष्ट ही बखर आहे. तिच्यात खरे बरेच आहे. पण कागद जिथे गप्प आहेत तिथेही ती बोलते.

पहिला प्रश्न तारखेचा. सोव्हिएट संघाने हे उड्डाण ‘कॉसमॉस-१३७४’ या नावाखाली नोंदवले. हेरगिरीच्या उपग्रहापासून फसलेल्या चाचणीपर्यंत काहीही ज्याच्या आड झाकता येई, असे ते सरसकट नाव होते. उड्डाणाची तारीख काही ठिकाणी ३ जून १९८२ अशी सापडते, तर काही ठिकाणी ४ जून. यात चूक कुणाचीच नसावी. प्रक्षेपण कापुस्तिन यार या तळावरून ग्रिनिच वेळेनुसार रात्री साडेनऊच्या सुमारास झाले. मॉस्कोतली उन्हाळी घड्याळे तेव्हा ग्रिनिचच्या चार तास पुढे होती, म्हणजे तिथे मध्यरात्र उलटून ४ तारीख लागली होती. पृथ्वीभोवती सव्वा फेरी मारून यान पावणेदोन तासांनी उतरले, तेव्हा कोकोस बेटांवर पहाट होती. इथपर्यंतचे सारे हिशेबातून निघते. पुढचा माझा तर्क आहे: प्रक्षेपणाची वेळ रात्रीची निवडली गेली ती शोधपथकाला समुद्रावर पूर्ण दिवसाचा उजेड मिळावा म्हणून. तो उजेड मग ऑस्ट्रेलियाच्या छायाचित्रकारालाही मिळाला.

दुसरे उड्डाण १५ मार्च १९८३ रोजीचे, ‘कॉसमॉस-१४४५’. तेही त्याच समुद्रात उतरले आणि पुन्हा वर ओरायन हजर होते. तिसरे २७ डिसेंबर १९८३ रोजी आणि चौथे १९ डिसेंबर १९८४ रोजी झाले. ही दोन्ही याने मात्र काळ्या समुद्रात उतरवली गेली. पहिली दोन परक्या नजरेच्या टप्प्यात आणि नंतरची दोन घरच्या पाण्यात. तारखांचा हा क्रम पाहिला की छायाचित्रांमुळे जागा बदलली, असे म्हणण्याचा मोह होतो, आणि बहुतेक अभ्यासक तसे म्हणतातही. मला ते संभाव्य वाटते. तरी तो कार्यकारणाचा तर्क आहे, आणि त्याला पुरावा तेवढ्या चार तारखांचा, हे लक्षात ठेवावे.

ती वस्तू होती तरी काय? या प्रश्नाला त्या काळी दोन उत्तरे होती आणि त्यांची तुलना उद्बोधक आहे. अमेरिकेचे संरक्षण खाते १९८० च्या दशकात ‘सोव्हिएट मिलिटरी पॉवर’ नावाची पुस्तिका काढत असे. तिच्यात या यानाकडे एका लष्करी, समानव अंतराळविमानाची लहान प्रतिकृती म्हणून पाहिले गेले. सोव्हिएट संघ कोसळल्यावर मॉस्कोच्या बाजूची माहिती खुली झाली आणि चित्र पालटले. यानाचे नाव ‘बोर-४’. बोर ही ‘मानवरहित कक्षीय रॉकेटविमान’ या अर्थाच्या रशियन शब्दांची आद्याक्षरे. लांबी सुमारे ३.९ मीटर. काम एकच: ‘बुरान’ या सोव्हिएट शटलच्या उष्णतारोधक फरश्या खऱ्याखुऱ्या पुनःप्रवेशाच्या आचेत टिकतात का, ते पाहणे.

पण बुरानच्या फरश्या तपासायच्या, तर यानाचा आकार बुरानचा का नाही? बुरानचा आकार तपासण्यासाठी ‘बोर-५’ नावाची वेगळी, एक-अष्टमांश मापाची प्रतिकृती होती आणि तिची उड्डाणे १९८४ पासून झाली. बोर-४ चा आकार जुन्या ‘स्पिराल’ प्रकल्पातून आला होता. मिकोयान संस्थेत ग्लेब लोझिनो-लोझिन्स्की यांच्या नेतृत्वाखाली आखलेला हा प्रकल्प एका माणसाला नेणाऱ्या लष्करी अंतराळविमानाचा होता. लोझिनो-लोझिन्स्की हेच पुढे बुरानच्या विमानभागाचे प्रमुख झाले. स्पिरालचा आकार त्यांच्याकडे तयार होता आणि त्याचे वायुगतिकीय गणित झालेले होते; नव्या फरश्या तपासायला तोच वापरला. म्हणजे पेंटॅगॉनच्या विश्लेषकांनी छायाचित्रातून वंश अचूक ओळखला आणि हेतू मात्र चुकीचा ठरवला. छायाचित्र आकार सांगते; तो आकार त्या दिवशी कोणत्या कामाला जुंपला होता, हे सांगत नाही.

आता नकलेचा प्रश्न. स्पिरालच्या प्राथमिक आराखड्यावर लोझिनो-लोझिन्स्कींची सही २९ जून १९६६ रोजी झाली. अमेरिकेत पंखांऐवजी धडानेच उचल मिळवणाऱ्या विमानांचे, म्हणजे ‘लिफ्टिंग बॉडी’चे, प्रयोग तेव्हा सुरू होते. त्यांच्या तारखा अशा: लाकडी एम२-एफ१ ऑगस्ट १९६३ मध्ये हवेत ओढले गेले, धातूचे एम२-एफ२ पहिल्यांदा १२ जुलै १९६६ रोजी सुटे झाले, एचएल-१० ने पहिली झेप २२ डिसेंबर १९६६ रोजी घेतली, आणि बोर-४ शी ज्याची तुलना नेहमी होते ते एक्स-२४ए १७ एप्रिल १९६९ रोजी. नुसत्या तारखा मांडल्या तर स्पिरालचा कागद एम२-एफ२ च्या पहिल्या उड्डाणाच्या तेरा दिवस आधीचा ठरतो. यावरून ‘नक्कल अशक्य’ असे म्हणता येईल का? नाही. नासाच्या केंद्रांत या आकारांवरचे काम १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून चालू होते, आणि विमान उडण्याच्या कितीतरी आधी त्याची माहिती छापील निबंधांतून फिरत असते. उलट बाजूने एक ठळक फरकही नोंदवला पाहिजे. स्पिरालचे पंख हलते होते: पुनःप्रवेशाच्या वेळी वर वळलेले, खाली हवेत आल्यावर पसरणारे. अमेरिकी लिफ्टिंग बॉडींचे कल्ले जागचे हलत नसत. हा एकच फरक इतका मूलभूत आहे की सरळ नकलेचा दावा त्याच्यापुढे लंगडा पडतो. माझा निष्कर्ष एवढाच: दोन्ही देशांत तोच भौतिकशास्त्रीय प्रश्न सोडवला जात होता आणि एकमेकांचे छापील साहित्य वाचले जाण्याची शक्यता मोठी होती. याहून पुढे जायला मला आधार दिसत नाही.

समुद्रातल्या छायाचित्रांकडे परत येऊ. ऑस्ट्रेलियाकडून ती अमेरिकेकडे गेली, आणि लँग्लीतल्या अभियंत्यांनी त्यांवरून आकार काढून वाऱ्याच्या बोगद्यात तपासण्यासाठी प्रतिकृती केली, हे नासा स्वतःच मान्य करते. ही कबुली अस्सल पुराव्याच्या जवळची म्हणावी लागेल, कारण तिच्यात संस्थेचा काही फायदा नाही. कल्पना आपलीच होती असे सांगणे जास्त सोयीचे झाले असते. एका तिरप्या चित्रातून माप कसे काढायचे? जवळची माणसे आणि होडी ही ओळखीच्या मापाची असतात, आणि वेगवेगळ्या कोनांतली अनेक चित्रे जुळवली की आकृती बांधता येते. बोगद्यातल्या चाचण्यांत तो आकार कमालीचा स्थिर निघाला. मग कुतूहलापोटी घेतलेले काम स्वतंत्र प्रकल्पात बदलले.

त्याचे नाव ‘एचएल-२०’. २८ जानेवारी १९८६ च्या चॅलेंजर अपघातानंतर शटलवर सारी भिस्त ठेवण्याचा धोका उघड झाला होता, आणि माणसांची ने-आण करणाऱ्या लहान, वेगळ्या वाहनाची गरज कागदोपत्री मांडली जाऊ लागली होती. एचएल-२० तिथे बसले. लांबी २९ फूट, रिकामे वजन २२,००० पौंड. शटलचे १,८५,००० पौंड. माल जवळजवळ नाही, माणसे दहा, आणि उतरायचे नेहमीच्या धावपट्टीवर. ऑक्टोबर १९८९ मध्ये रॉकवेल कंपनीकडे वर्षभराचा अभ्यास सोपवला गेला आणि ऑक्टोबर १९९१ मध्ये लॉकहीडकडे दुसरा. मला यातला सर्वांत बोलका पुरावा मात्र विद्यार्थ्यांचा वाटतो. नॉर्थ कॅरोलायना स्टेट आणि नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी या दोन विद्यापीठांतल्या मुलांनी १९९० च्या वसंत सत्रात पूर्ण आकाराच्या प्रतिकृतीचा आराखडा केला आणि उन्हाळ्यात ती बांधली. मग तिच्यात स्वयंसेवक बसवून आसनांची मांडणी, आत शिरणे आणि बाहेर पडणे तपासले गेले. समुद्रातल्या चार मीटरच्या, आत कुणीही नसलेल्या वस्तूपासून निघालेला आकार इथे पहिल्यांदा माणसांच्या गुडघ्यांच्या आणि खांद्यांच्या मापाशी भिडला.

१९९३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ‘जर्नल ऑफ स्पेसक्राफ्ट अँड रॉकेट्स’मध्ये एचएल-२० वरचे लेख एकत्र छापले गेले, त्यांत हॉवर्ड स्टोन आणि विल्यम पिलंड यांचा आराखड्याचा लेख महत्त्वाचा. प्रकल्प स्वतः बांधकामापर्यंत गेला नाही. पण लेख छापले गेले ही गोष्ट निर्णायक ठरली. सरकारी केंद्राने सरकारी पैशाने केलेली वायुगतिकीय आकडेवारी त्यामुळे ज्याला हवी त्याला उपलब्ध झाली. बारा वर्षांनी ती एका लहान कंपनीला हवी झाली.

ती कंपनी म्हणजे जिम बेन्सन यांची ‘स्पेसडेव्ह’. इथे बखरीतला एक सांधा निखळतो. ‘ड्रीम चेसर’ हे नाव सप्टेंबर २००४ मध्ये जाहीर झाले, आणि त्या वेळची आकृती एक्स-३४ या विमानाशी नाते सांगणारी होती. एचएल-२० चा आकार कंपनीने नोव्हेंबर २००५ मध्ये घेतला. म्हणजे नाव आधीचे आणि शरीर नंतरचे. १९८२ पासून सरळ रेषेत चालत आलेली परंपरा असे चित्र त्यामुळे टिकत नाही. धंद्यासाठी वाहन शोधणाऱ्या कंपनीने एक आकृती सोडून दुसरी, जास्त तपासलेली आकृती उचलली. २००६ मध्ये नासाच्या मालवाहतुकीच्या स्पर्धेत स्पेसडेव्ह अंतिम सहांत होती. निवड स्पेसएक्स आणि रॉकेटप्लेन किस्लर यांची झाली. डिसेंबर २००८ मध्ये सिएरा नेवाडा कॉर्पोरेशनने स्पेसडेव्ह विकत घेतली.

यापुढची साधने बदलतात. आता आकृत्या आणि छायाचित्रे कमी, रकमा जास्त. शटल निवृत्त होणार हे ठरले होते आणि नासाने समानव वाहनांसाठी खासगी कंपन्यांना टप्प्याटप्प्याने पैसे द्यायला सुरुवात केली. १ फेब्रुवारी २०१० च्या पहिल्या वाटपात सिएरा नेवाडाला २ कोटी डॉलर मिळाले; बोइंगला १.८ कोटी. सर्वांत मोठा वाटा ड्रीम चेसरचा होता, ही गोष्ट आज सहसा कुणी सांगत नाही. १८ एप्रिल २०११ च्या दुसऱ्या वाटपात बोइंग ९.२३ कोटी, सिएरा नेवाडा ८ कोटी, स्पेसएक्स ७.५ कोटी. अजूनही तिघे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून. ३ ऑगस्ट २०१२ च्या तिसऱ्या वाटपात मात्र बोइंग ४६ कोटी, स्पेसएक्स ४४ कोटी आणि सिएरा नेवाडा २१.२५ कोटी.

या तिसऱ्या ओळीवर थांबले पाहिजे. ड्रीम चेसरचा पराभव सगळे २०१४ मध्ये मांडतात. रकमा सांगतात की घसरण दोन वर्षे आधी झाली होती. हे करार ‘स्पेस ॲक्ट’ प्रकारचे होते: ठरलेला टप्पा गाठला की ठरलेली रक्कम, आणि यान कसे असावे याची सक्ती नासाने करायची नाही. त्यामुळे पैसा निम्मा म्हणजे त्या काळात गाठायचे टप्पेही कमी. २०१४ च्या निर्णयात सिएरा नेवाडाच्या आराखड्यावर अपरिपक्वतेचा जो ठपका आला, त्याची मुळे काही अंशी या निम्म्या वाटपात असावीत, असे मला वाटते. हे अनुमान आहे; पण रकमा आणि त्यांचा क्रम अनुमान नाही.

पुढचा पुरावा चित्रफितीचा आहे. २६ ऑक्टोबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स हवाई तळावर चाचणी यान हेलिकॉप्टरने साडेबारा हजार फुटांवर नेऊन सोडले. आत माणूस नव्हता. यानाने स्वतः दिशा धरली, नाक उचलले आणि धावपट्टी गाठली. डावे चाक मात्र उघडले नाही आणि यान घसरत धावपट्टीबाहेर गेले. कंपनीने प्रसिद्ध केलेली चित्रफीत पाहताना वाचकाने शेवटाकडे लक्ष द्यावे: यान जमिनीला टेकण्याआधीच ती संपते. कंपनीचे म्हणणे असे की चाके एफ-५ लढाऊ विमानाची, तात्पुरती बसवलेली होती. अंतराळात जाणाऱ्या यानाची चाके वेगळी असतील. उड्डाण म्हणून चाचणी यशस्वी, हा दावा तांत्रिकदृष्ट्या पटणारा आहे, कारण तपासायचे होते ते हवेतले वागणे. पण कापलेली फीत दोन गोष्टी सांगते: काय घडले ते, आणि कंपनीला कशाची चिंता होती ते.

जुलै २०१४ मध्ये, म्हणजे अंतिम निवडीच्या तोंडावर, सिएरा नेवाडाने ऑर्बिटेक ही इंजिने करणारी कंपनी घेतली आणि ड्रीम चेसरसाठी स्वतःचे हायब्रिड इंजिन सोडून द्रव इंधनाकडे वळण्याचे ठरवले. यानाच्या मुख्य इंजिनाचा प्रकारच स्पर्धेच्या शेवटच्या वळणावर बदलला जात होता, हे पुढचा कागद वाचताना लक्षात असू द्यावे.

१६ सप्टेंबर २०१४. नासाने बोइंगला ४२० कोटी आणि स्पेसएक्सला २६० कोटी डॉलरपर्यंतची कंत्राटे जाहीर केली. दहा दिवसांनी सिएरा नेवाडाने जीएओकडे हरकत नोंदवली आणि म्हटले की जाहीर रकमा पाहता सरकार आमच्या तुलनेत ९० कोटी डॉलरपर्यंत जास्त खर्च करणार आहे. काम थांबवण्याचा नियमानुसारचा आदेश नासाने ९ ऑक्टोबरला उठवला. त्यावर कंपनी न्यायालयात गेली आणि २१ ऑक्टोबरला तिथेही निकाल नासाच्या बाजूने लागला. जीएओचा निर्णय ५ जानेवारी २०१५ रोजी आला: हरकत फेटाळली.

या निर्णयासोबत तीन आकडे पहिल्यांदा एकत्र खुले झाले. बोइंगची मूल्यमापित किंमत ३०१ कोटी, सिएरा नेवाडाची २५५ कोटी, स्पेसएक्सची १७५ कोटी. आता हे आकडे आधीच्यांशी ताडून पाहू. बोइंग आणि सिएरा नेवाडा यांच्यातला फरक इथे ४६ कोटींचा आहे. कंपनी ९० कोटी म्हणत होती. कुणी खोटे बोलत होते का? तसे मानायची गरज नाही. कंपनीची तुलना जाहीर झालेल्या कमाल रकमेशी होती आणि त्या रकमेत प्रत्येकी सहापर्यंतच्या नियमित फेऱ्या धरलेल्या होत्या. मूल्यमापनाची किंमत वेगळ्या पायावर काढलेली असणार. ३०१ चे ४२० होताना वाढ सुमारे चाळीस टक्के होते आणि १७५ चे २६० होताना जवळजवळ पन्नास टक्के. दोन्हीकडे एकच गुणक लागत नाही, म्हणजे ही साधी फुगवलेली बेरीज नाही. ९० कोटी आणि ४६ कोटी हे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत, आणि या वादावरच्या लिखाणात ते एकमेकांच्या जागी वापरले जातात.

निविदेत किमतीचे वजन, तांत्रिक योग्यता आणि पूर्वकामगिरी या दोन्ही मिळून जेवढे, साधारण तेवढे होते. मग सर्वांत महाग प्रस्ताव पहिला कसा आला? निवड करणारे अधिकारी विल्यम गर्स्टनमायर यांचे उत्तर, जीएओच्या मांडणीनुसार, असे: बोइंगची किंमत जास्त आहे हे मान्य, पण तांत्रिक मांडणी, व्यवस्थापन आणि पूर्वकामगिरी या तिन्हींत तिचा प्रस्ताव सर्वांत भक्कम. उरलेल्या दोघांतही चांगल्या बाजू आहेत. त्यांच्यात स्पेसएक्स स्वस्त, म्हणून मोल तिथे जास्त. सिएरा नेवाडाच्या आराखड्याबद्दल गर्स्टनमायर यांच्या निवडपत्रात म्हटले होते की त्याची परिपक्वता तिघांत सर्वांत कमी आहे आणि वेळापत्रकाची अनिश्चितता सर्वांत जास्त.

सिएरा नेवाडाचा मुख्य कायदेशीर मुद्दा याच वेळापत्रकाचा होता. २०१७ च्या अखेरीपर्यंत वाहन तयार हवे, हे निविदेत केवळ उद्दिष्ट होते, नासाने त्याला निकष बनवले, अशी तक्रार. जीएओने निविदेचा मजकूर दाखवून म्हटले की प्रस्ताव या उद्दिष्टाच्या कसोटीवर तपासले जातील हे स्पष्ट लिहिलेले होते. स्पेसएक्सची किंमत वास्तव आहे का, तिची आर्थिक ताकद पुरेशी आहे का, या हरकतीही टिकल्या नाहीत. या साऱ्यात एक वाक्यार्थ अतिशय महत्त्वाचा आहे आणि तो सहज नजरेतून सुटतो: कोणता प्रस्ताव गुणवत्तेने श्रेष्ठ यावर जीएओ मत देत नाही, नासाने स्वतःच्या नियमांनुसार निवड केली का, एवढेच ते तपासते. त्यामुळे ‘जीएओने बोइंगला श्रेष्ठ ठरवले’ हे विधान चूक आहे. शिवाय खुला झालेला निर्णय काटछाट केलेला आहे. कंपन्यांच्या व्यापारी गुपितांच्या जागी मजकूर वगळलेला आहे. पण त्या दस्तऐवजात कुठेही उचललेल्या पंखांना, धावपट्टीवर उतरण्याला, लिफ्टिंग बॉडीच्या आकाराला नालायक ठरवलेले नाही. हरला तो किंमत, तयारी आणि वेळ यांचा एक विशिष्ट संच.

नंतरचे कागद या निवडीची परीक्षा घेतात. २०१७ चे उद्दिष्ट कुणीच गाठले नाही. स्पेसएक्सच्या क्रू ड्रॅगनमधून माणसे ३० मे २०२० रोजी गेली. नोव्हेंबर २०१९ च्या अहवालात नासाच्या महानिरीक्षकांनी एका आसनाची किंमत बोइंगकडे ९ कोटी आणि स्पेसएक्सकडे ५.५ कोटी डॉलर काढली, आणि ठरल्या रकमेच्या कंत्राटावर बोइंगला २८.७२ कोटी जादा दिल्याचे नोंदवले. बोइंगच्या स्टारलायनरचे २० डिसेंबर २०१९ चे मानवरहित उड्डाण अंतराळ स्थानकापर्यंत पोचले नाही. ५ जून २०२४ ला सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांना घेऊन ते गेले, पण सप्टेंबरमध्ये रिकामे परत आणले गेले; ते दोघे मार्च २०२५ मध्ये ड्रॅगनमधून परतले. हे वाचून २०१४ चा निर्णय चुकला असे लिहिणे सोपे आहे. पण यातला एकही कागद तेव्हा गर्स्टनमायर यांच्या टेबलावर नव्हता. तेव्हा जे टेबलावर होते त्यात एका कंपनीची प्रदीर्घ पूर्वकामगिरी होती आणि दुसऱ्या कंपनीचे बदलते इंजिन. ‘सर्वांत भक्कम’ ठरलेला प्रस्ताव प्रत्यक्षात सर्वांत अडखळला, ही गोष्ट खरी. ‘सिएरा नेवाडाने वेळेत यान दिले असते’ हे विधान मात्र कोणत्याच कागदावर उभे नाही.

उलट पुरावा उपलब्ध आहे, तो मालवाहू ड्रीम चेसरचा. १४ जानेवारी २०१६ रोजी नासाने सिएरा नेवाडाला अंतराळ स्थानकाला माल पोचवण्याच्या किमान सहा फेऱ्यांचे काम दिले. ११ नोव्हेंबर २०१७ रोजी त्याच एडवर्ड्स तळावर चाचणी यान पुन्हा सोडले गेले. या वेळी सर्व चाके उघडली आणि यान सरळ थांबले. मालवाहू रूपात पंख घडी होतात. ते पाहून स्पिरालच्या हलत्या पंखांची आठवण होते, पण हा दुवा पुरावा म्हणून वापरू नये: स्पिरालचे पंख पुनःप्रवेशाच्या आचेसाठी वळत, ड्रीम चेसरचे रॉकेटच्या टोपणात मावण्यासाठी. २०२१ पासून हे काम सिएरा स्पेस या वेगळ्या कंपनीकडे आहे. ‘टेनॅसिटी’ नावाचे पहिले यान मे २०२४ मध्ये केनेडी केंद्रात पोचले. सप्टेंबर २०२५ मध्ये नासा आणि कंपनीने कंत्राट बदलले: फेऱ्या विकत घेण्याचे नासावरचे बंधन उठले, आणि पहिले उड्डाण स्थानकाला न जोडता, स्वतंत्र चाचणी म्हणून २०२६ च्या अखेरीस ठरवले गेले. हे यान कक्षेत जाईल तेव्हाही आसने रिकामी नसतील, कारण आसनेच नसतील. दहा माणसांसाठी मांडलेल्या आणि पुढे सातांसाठी आखलेल्या त्या आकाराच्या समानव रूपासाठी आज नासाचे एकही कंत्राट नाही.